कातडी कुणाची, फोटो कुणाचा?

बिबवेवाडीतल्या खोलीवर मी मोबाइलवर त्वचारोगांचे फोटो झूम करून शिकतो. गोऱ्या कातडीवर लाल दिसणारा चट्टा सावळ्या कातडीवर जांभळट, करडा दिसतो. पुस्तकांत तो कमीच. म्हणूनच २०२० मध्ये लंडनमधला विद्यार्थी मलोन मुक्वेंडे याने शिक्षकांसोबत अशा लक्षणांची पुस्तिका काढली.

आपल्याकडचे फोटोही हवेतच. पण औषधासाठी आलेला माणूस डॉक्टरला ‘नाही’ कसं म्हणणार? नकार दिला तरी उपचार तेच मिळतील, हे आधी सांगितलं, तरच त्याचा होकार खरा.

शिवाय कुष्ठरोगाचा फिकट चट्टा बधिर आहे का, हे स्क्रीन सांगत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाची वात टेकवावी लागते. त्यासाठी त्याच्याजवळ बसावंच लागतं. फोटोचं विचारायचं, तेही तिथेच.