एक दिवस, अनेक तारखा



भोर तालुक्यातील कारी हे जेधे देशमुखांचे गाव. त्यांच्या घराण्याने जपलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ असा नोंदला आहे. त्यापूर्वी शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया मानली जाई.

भोर-वेल्ह्याच्या मावळातील जुन्या कागदांत तारखेच्या तऱ्हा अनेक. कुठे शालिवाहन शक, कुठे फसली सन, तर कुठे मृग नक्षत्रापासून सुरू होणारा सुहूर सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत: इहिदे, इसन्ने, सलास. राज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजांच्या हिशेबी ती ६ जून १६७४. पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली सुधारलेली दिनदर्शिका पाळणाऱ्या गोव्याच्या पोर्तुगिजांच्या हिशेबी १६ जून. मग खोटे कोण? कोणीच नाही. दिवस एकच, मापे वेगळी.

परंतु शके १५४९ की १५५१, हा फरक मापाचा नाही. माणूस एकदाच जन्मतो. इथे ‘तुमचेही खरे, आमचेही खरे’ म्हणणे हे औदार्य नव्हे, आळस आहे. इथे कागद तपासावेच लागतात.

आमच्याकडे अधूनमधून कोणी येते. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून, बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरीच तारीख. ‘फादर, तेवढी वहीतली बदलून द्या, पेन्शन अडली आहे.’ अडचण खरी असते, मन कळवळते. तरी आम्ही नोंद खोडत नाही. उतारा देतो, सोबत पत्र देतो, गरज पडल्यास कचेरीतही येतो. कारण लिहिणारा आज हयात नाही. वही हीच त्याची साक्ष. दयेपोटी एक नोंद बदलली, तर उरलेल्या साऱ्या नोंदींवरचा विश्वास उडेल. मग ज्या गरिबापाशी या वहीखेरीज दुसरा पुरावा नाही, त्याने कुठे जावे?

आपण लिहितो तो इसवी सनही सहाव्या शतकातील एका भिक्षूच्या हिशेबातून आला, आणि तो हिशेब काही वर्षांनी चुकला, असे अभ्यासक सांगतात. प्रभू येशूचा जन्म हेरोद राजाच्या मृत्यूपूर्वीचा आहे. ही चूक आपण लपवत नाही आणि त्यामुळे आपली श्रद्धाही डळमळत नाही. चूक कबूल करावी, पण जुनी अक्षरे खरवडू नयेत.

या आठवड्यात घरात वाद झाला तर आधी एवढेच विचारू या: हा फरक मापाचा की सत्याचा? मापाचा असेल तर सोडून देऊ. सत्याचा असेल तर दोघे मिळून शोधू.