निगा राखणाऱ्याचा मान

मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद व्हावा अशीच ही गोष्ट. पण त्यानंतर वारशाविषयी आपल्याकडे जे बोलले गेले, त्यातले बरेचसे फार लवकर श्रेयावर आणि सत्कारावर येऊन थांबले. आमच्या जिल्ह्याचे नाव यादीत का नाही, अमुक संस्थेला अजून पुरस्कार कसा नाही, गावोगाव धडपडणाऱ्यांची सरकार दखल का घेत नाही. या तक्रारींत गैर काही नाही. स्थानिक वारसा जपणाऱ्या माणसांचा आणि उपक्रमांचा सन्मान व्हायला हवा, यावर दुमत असण्याचे कारणच नाही. खटकते ते वेगळेच. सन्मान कशाचा करायचा हा प्रश्न सुटलाच आहे असे धरून आपण तो कुणाकुणाचा करायचा याची नावे काढत बसलो आहोत. पहिल्या प्रश्नाचे आपले उत्तर चुकले आहे, म्हणून दुसऱ्याची यादीही चुकते, असे माझे मत आहे.

मोठी, गाजलेली स्थळे बाजूला ठेवून एखादे गाव डोळ्यांपुढे आणले की हे नीट दिसते. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात राणीसावरगाव आहे. रेणुकादेवीचे ठाणे म्हणून पंचक्रोशीत त्याची ओळख. नवरात्रात तिथे भाविकांची रीघ लागते. मराठवाड्यात अशी गावे शेकड्यांनी आहेत: एक देऊळ, कुठे बारव, कुठे पारावर मांडलेल्या वीरगळी, कुठे शेताच्या बांधाला उलटा पडलेला शिलालेख. यांतले बहुतेक कोणत्याही संरक्षित यादीत नाही. इथली जुनी वास्तू मरते कशी? लढाईत किंवा भूकंपात क्वचितच. दगडाच्या सांध्यात पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते. पहिल्या पावसाळ्यात रोप बोटभर असते, दोन बोटांच्या चिमटीत मुळासकट येते. तिसऱ्या वर्षी मूळ सांध्यात शिरलेले असते. मग वरून कितीही छाटा, मूळ आत जाडच होत राहते. पंधराव्या वर्षी चिरा जागचा हलतो, फटीतून पाणी आत झिरपते, मागची भर फुगते आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत खाली येते. आता सन्मानाच्या नजरेने या पंधरा वर्षांकडे पाहा. पहिल्या वर्षी ते रोप उपटणाऱ्या माणसाचे नाव कुठेच लागत नाही, कारण त्याच्या हातून दिसण्यासारखे काही घडलेलेच नसते. भिंत पडल्यावर निधी आणून ती उभी करणाऱ्याची मात्र कोनशिला बसते. आपली सन्मानाची सगळी रचना उद्धाराला पाहते, निगेला पाहत नाही. आणि ज्या गावात पहिला माणूस आहे, तिथे दुसऱ्याची गरजच पडत नाही.

हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणे कोरून दिल्याचे तो सांगतो आणि लगेच पुढे हिशोबावर येतो: तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे अक्षय ठेव म्हणून दिले, दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजाने, हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून तिथे राहणाऱ्या भिक्षूंच्या चीवरांचा आणि किरकोळ खर्च चालवायचा. दान मोठे होते. त्याहून मोठी होती ती दानकर्ता गेल्यावरची काळजी. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख घ्या. यादव रामचंद्राच्या काळातला, शके 1195 ते 1199 दरम्यानचा. विठ्ठलाच्या देवळासाठी कुणी किती दिले याची ती जंत्री आहे, आणि राजापासून साध्या भक्तापर्यंत नावे एकाच लेखात आहेत. अहिल्याबाईंनी वेरूळच्या घृष्णेश्वरापासून काशीपर्यंत देवळे आणि घाट बांधले, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. मागे राहून जाते ते हे की पूजाअर्चा, अन्नछत्रे, नंदादीप यांचा नित्याचा खर्च त्या आपल्या खासगीच्या उत्पन्नातून लावून देत. 1962 मध्ये खासगी ट्रस्ट स्थापन करावा लागला तो याच वास्तूंच्या देखभालीसाठी. बांधणे आणि चालू ठेवणे ही दोन कामे आहेत, ही जाण या तिन्ही ठिकाणी दिसते.

आता ज्या मताशी माझे खरे भांडण आहे त्याकडे येतो. ते मत आज इतके सर्वमान्य आहे की ते मत आहे हेच विसरले जाते. ते असे: सन्मानाने प्रसिद्धी मिळते, प्रसिद्धीने पर्यटक येतात, पर्यटकांमागून पैसा येतो आणि पैशाने वारसा टिकतो. म्हणून पुरस्कार द्या, याद्या वाढवा, टपालाची तिकिटे काढा, बाकीचे आपोआप होईल. या साखळीतली एकही कडी गावाच्या पातळीवर घट्ट नाही. पर्यटकांचेच बघा. अजिंठा-वेरूळ उरकून परत फिरणारा प्रवासी गंगाखेड तालुक्यातल्या एका देवीच्या गावी वाट वाकडी करून येईल आणि त्या येण्यावर देवळाची डागडुजी चालेल, हे गणित मांडणाऱ्याने एकदा नकाशा पाहावा. गावच्या देवळात येतो तो भाविक. तो दान देतो, आणि ते दान दिसेल अशा कामाला लागावे ही त्याची इच्छा स्वाभाविक असते. कोरीव खांबांवर ऑइल पेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, सभामंडपाला स्लॅब, प्रवेशाला कमान. तीर्थक्षेत्र विकासाचा निधी आला की पेव्हर ब्लॉक आणि भक्तनिवास. जुन्या दगडी बांधकामाला सिमेंटचा गिलावा चढला की आतला ओलावा कोंडतो, क्षार पृष्ठभागावर येतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. मराठवाड्यात गेल्या पन्नास वर्षांत जी देवळे ओळखू न येण्याइतकी बदलली, त्यांतली बरीच दुर्लक्षाने बदललेली नाहीत. त्यांच्याकडे लक्ष गेले, म्हणून ती बदलली. प्रसिद्धीने पैसा येतो हे अर्धे खरे धरले तरी तो वारशाला तारतो की मारतो, हे तिथे निगेची शिस्त आधीपासून आहे की नाही यावरच ठरते.

यावर प्रसिद्धीवाले म्हणतील की ही अडाणी श्रद्धेची उदाहरणे झाली, तज्ज्ञ असले की असे होत नाही. मग अजिंठा घ्या. निजाम सरकारने 1920 नंतर दोन वर्षे चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणून चित्रे पक्की करवून घेतली. गळू पाहणारा गिलावा त्यांनी धरून ठेवला, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप काळाने पिवळा-तपकिरी पडला, आणि तो काढण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याला पुढे कित्येक दशके पुरले. काम संपले त्या दिवशी पुरस्कार दिला असता, तर तो त्या लेपालाही मिळाला असता. आणि प्रसिद्धीच तारक असती तर साताऱ्याच्या कास पठारावर तरी तसे दिसले असते. पश्चिम घाटाच्या नामांकनात 2012 मध्ये ते जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या हंगामात लोटलेली गर्दी आवरण्यासाठी रोजच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, कुंपणे आली. तिथे फुले वाचवण्याचे काम कुणी केले असेल तर गर्दीला अडवणाऱ्यांनी. युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार 2000 पासून दिले जातात. त्यांची पात्रता पाहिली तर काम गेल्या दहा वर्षांत पूर्ण झालेले असावे आणि किमान एक वर्ष वापरात असावे. एक वर्ष! ज्या पिंपळाला चिरा हलवायला पंधरा वर्षे लागतात, त्याच्यापुढे एक वर्ष म्हणजे काहीच नाही. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला 2005 मध्ये यातला सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि तो योग्यच होता. पण ते संग्रहालय नंतरही उभे राहिले ते महापालिका, वारसा-संवर्धन संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी 2003 मध्येच करारबद्ध व्यवस्था घालून दिली म्हणून. पुरस्कार हा त्या व्यवस्थेचा परिणाम होता, कारण नव्हे.

इतर आक्षेप थोडक्यात उरकता येतात. निष्ठेने काम करणाऱ्याला सन्मानाची गरजच नसते, हे म्हणणे बहुधा ज्यांनी असे काम केलेले नाही तेच करतात. आणि हे सगळे सरकारचे काम आहे असे म्हणणाऱ्यांनी 1960 च्या राज्य कायद्याखाली संरक्षित स्मारके किती आणि त्यांच्यावर नेमलेले पहारेकरी किती, याची आपल्या जिल्ह्यापुरती चौकशी करावी.

उद्धाराला मी कमी लेखतो आहे असे कुणी समजू नये. परभणी जिल्ह्यातच वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून मोकळी केली. रोहन काळे यांनी 2020 मध्ये सुरू केलेल्या बारव मोहिमेने महाराष्ट्रभरच्या बारवांची नोंद घडवली आणि महाशिवरात्रीला बारवांत दिवे लावण्याची रीत पाडली. हे मोठे काम आहे आणि त्याचा गौरव व्हायलाच हवा. पण त्यातही मला मोलाचे वाटते ते गाळ उपसण्यापेक्षा दरवर्षी दिवे लावणे. दिवे लावायचे तर बारव झाडावी लागते, पायऱ्या मोकळ्या कराव्या लागतात, म्हणजे वर्षातून एकदा तरी माणसे खाली उतरून सांधे पाहतात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचे उदाहरण तर मराठवाड्याने छातीशी धरावे असे आहे. गावच्या पांढरीत आणि शेतांत सापडणारे सातवाहनकालीन मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंत त्यांनी गोळा केले आणि जपले. आज तेरचे शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. त्यांनी एखादा दिवस साधून काही वाचवले नाही. वर्षानुवर्षे नांगराच्या मागे लक्ष ठेवले, आलेली वस्तू ओळखली आणि ती फुटू, विकली जाऊ दिली नाही. याला मी निगा म्हणतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. निगेची जुनी व्यवस्था होती, ती मानाची होती, आणि तो मान जातीला बांधलेला होता. गुरवाने देऊळ झाडायचे, दिवाबत्ती करायची, बदल्यात इनाम जमीन कसायची. अमक्या घराण्याचा पालखीला खांदा, तमक्याचा पहिला नैवेद्य. यात काहींच्या वाट्याला मान होता आणि काहींच्या वाट्याला नुसते काम. ज्या बारवांचे आज कौतुक होते त्यांतल्या कित्येकींवर दलितांना पाणी भरता येत नव्हते. महाडला 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला तो अशाच बंदीविरुद्ध. हैदराबाद राज्याच्या 1954 च्या कायद्याने इनामे रद्द झाली. धार्मिक संस्थांची इनामे त्यातून वगळली, तरी त्या जमिनींचे उत्पन्न देवळाच्या निगेपर्यंत किती पोचले, हे महसुली दावे पाहिले की कळते. ती व्यवस्था परत आणा असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा राहीन. पण त्या व्यवस्थेत एक तत्त्व होते, ते जातीपासून सोडवून घेता येते: मान मिळाला की त्याच्याबरोबर पुढच्या वर्षाची जबाबदारी अंगावर येत असे, आणि काम चुकले तर मान जात असे. शाल आणि श्रीफळ परत कुणी मागत नाही. आजचा पुरस्कार झालेल्या कामाची पावती आहे, ती घेतली की देणे-घेणे संपते. मला जो भेद धरून ठेवावासा वाटतो तो एवढाच आहे. वारशाच्या बाबतीत मान असा हवा की तो टिकवण्यासाठी दरवर्षी काहीतरी करावे लागेल.

म्हणजे व्यवहारात काय? पुरस्काराची रक्कम हातात न देता उषवदातासारखी ठेव म्हणून ठेवावी आणि व्याजातून ठरलेली कामे व्हावीत: मृगाआधी सांध्यांतली रोपे मुळासकट काढणे, छतावरच्या पन्हळी साफ करणे, बारवेतला गाळ, आणि जिथे डागडुजी लागेल तिथे सिमेंटऐवजी चुना. काय केले याची एक वही असावी, ती ग्रामसभेत वाचली जावी. मान ग्रामसभेने द्यावा, एका घराण्याला किंवा जातीला नव्हे, आणि दर वर्षी वही पाहून तो पुढे चालू ठेवावा किंवा दुसऱ्याकडे द्यावा. तो स्त्रियांकडेही जावा, कारण अंगण आणि ओटा झाडणारे हात बहुतेक ठिकाणी त्यांचेच असतात. एखाद्या वास्तूचा उद्धार झालाच, तर त्याचा गौरव दहा वर्षांनी, ती वही पाहून करावा. यात गटबाजी होईल, कुणाच्या नातलगाचे नाव पुढे येईल, हे मला ठाऊक आहे. पण मुंबईतल्या निवड समितीला फसवणे सोपे; देवळाच्या भिंतीवर पिंपळ वाढला आहे की नाही हे मात्र रोज दर्शनाला येणाऱ्या माणसाला दिसतेच. राणीसावरगावला नवरात्रात रेणुकेच्या दर्शनाला पंचक्रोशी लोटते. वर्षभर निगा राखणाऱ्याचे नाव तिथे, भर गर्दीत, सर्वांत आधी घेतले जावे असे ग्रामपंचायतीने आणि देवस्थानाने मिळून ठरवले, तर त्यासाठी जिल्हा नियोजन समितीचा ठराव लागत नाही, युनेस्कोचा तर नाहीच.