समकालीन कलाकृती आणि मूल्यनिर्णयाची जबाबदारी

समकालीन कलाकृतीविषयी चर्चा करणे ही कलाशिक्षणातील नित्याची गोष्ट असली, तरी तीत गृहीत धरलेली नैतिक भूमिका क्वचितच तपासली जाते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांविषयी किंवा मुघल लघुचित्रांविषयी विद्यार्थी बोलतो, तेव्हा त्याच्या मतामुळे कोणाचे काही बिघडत नाही. तेथे मूल्याविषयीचा ढोबळ निवाडा परंपरेने आधीच केलेला असतो. हयात कलावंताच्या कृतीपुढे ही सोय उरत नाही. त्याचे काम अपुरे असते. त्याच्याविषयीचे मत त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. आणि मुख्य म्हणजे, बोलणारा विद्यार्थी उद्या त्याच कलादालनांत, त्याच संग्राहकांपुढे आपली चित्रे घेऊन उभा राहणार असतो. सौंदर्यनिर्णयामागील आनंद आसक्तीपासून मुक्त असावा, अशी अट कांटने घातली. कांटला अभिप्रेत असलेली आसक्ती वस्तूच्या अस्तित्वाविषयीची आहे आणि व्यावसायिक हितसंबंधांहून ती वेगळी आहे, हे मान्य केले तरी प्रश्न सुटत नाही. समकालीनाविषयी बोलणारा कलाविद्यार्थी स्पर्धक असतो, अनुयायी असतो, कित्येकदा त्या कलावंताचा शिष्यही असतो. अशा लिप्त माणसाचा मूल्यनिर्णय प्रामाणिक कसा असू शकेल?

या अडचणीतून सुटण्याचे दोन मार्ग सर्रास वापरले जातात. पहिला मार्ग कलावंताच्या निवेदनाला शरण जाण्याचा. मुलाखत, प्रदर्शनाची पुस्तिका, आयुष्यातील घटना यांतून अर्थ आयता मिळतो आणि चित्र त्या अर्थाचा पुरावा म्हणून उरते. दुसरा मार्ग रंग, रेषा, अवकाश यांच्या वर्णनात सुरक्षित राहण्याचा. येथे चित्राने उभा केलेला अवघड प्रश्न कलाबाह्य ठरवून दाराबाहेर ठेवता येतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले. स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद हे ते दोन ध्रुव होत. वरील दोन मार्ग या ध्रुवांचीच विपर्यस्त रूपे आहेत. पाटणकरांच्या विवेचनात ध्रुवांमधील ताण महत्त्वाचा आहे; वर्गातील चर्चेत मात्र एकेक ध्रुव आडोशासारखा वापरला जातो.

भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. पेशाने सनदी लेखापाल असलेले खख्खर १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्यास आले आणि तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत कलासमीक्षेचे विद्यार्थी झाले. म्हणजे ज्या संस्थेत पुढे त्यांच्या चित्रांची चर्चा झाली, तिथे ते प्रथम इतरांच्या चित्रांविषयी बोलायला शिकले. १९८१ साली त्यांनी ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्र रंगविले. सज्जात एक नग्न पुरुष पाठमोरा उभा आहे. त्याच्यासमोर पसरलेल्या परिसरात इसापनीतीतील बाप, मुलगा आणि गाढव यांची कथा घडते आहे. कथेचे निरनिराळे क्षण एकाच अवकाशात शेजारीशेजारी दिसतात. पुढे खख्खर आपल्या समलिंगी जीवनाविषयी उघडपणे बोलू लागले आणि हे चित्र त्या प्रकटीकरणाचा आरंभ म्हणून ओळखले जाऊ लागले.

हा अन्वयार्थ चुकीचा नाही. या नग्नतेकडे निव्वळ आकार म्हणून पाहणारा विद्यार्थी चित्राला तर टाळतोच, शिवाय ते काढण्यासाठी लागलेले धैर्यही नाकारतो. परंतु ‘ही कबुली आहे’ एवढे म्हणून थांबणारा विद्यार्थी चित्राचा मोठा भाग न पाहताच सोडून देतो. ती कथा तेथे का आहे, हा प्रश्न त्याला पडत नाही.

कथा सर्वपरिचित आहे. बाप गाढवावर बसला तर लोक मुलाची कीव करतात. मुलगा बसला तर त्याला उद्धट ठरवतात. दोघे बसले तर गाढवाचा कैवार घेतात. कोणीच बसले नाही तर हसतात. तात्पर्य म्हणून ती बाप-लेकांच्या दुबळेपणाकडे बोट दाखवते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ती रस्त्यावरच्या भाष्यकारांची कथा आहे. त्यांच्यापैकी एकाचेही मत सर्वस्वी निराधार नाही. प्रत्येकाजवळ एक नीतितत्त्व आहे. दोष आहे तो त्यांच्या पाहण्यात. त्यांनी क्षणभर पाहिले, मत दिले आणि ते पुढे गेले. मताचे ओझे वाहिले ते इतरांनी.

सज्जातील पुरुषही पाहणाराच आहे. पण तो थांबलेला आहे आणि त्याच्या अंगावर वस्त्र नाही. तो रस्त्याकडे पाहतो आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या प्रेक्षकाला स्वतः दिसतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असल्यामुळे त्याच्या अलिप्ततेचा प्रश्नच उद्भवत नाही. लिप्त माणसाचा निर्णय प्रामाणिक कसा होईल, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे शोधता येते. आपण कोठे उभे आहोत हे तो झाकत नसेल आणि कृतीपुढे पुरेसा वेळ थांबत असेल, तर त्याची लिप्तता निर्णयाला बाधक ठरत नाही. स्पर्धक म्हणून वाटलेला मत्सर आणि शिष्य म्हणून वाटलेली भीड त्याने स्वतःपाशी ओळखली, म्हणजे त्याच्या मतातील किती भाग चित्राचा आणि किती आपला, याचा हिशोब तरी मांडता येतो. मत देण्याचे टाळणे हा मात्र पर्याय नव्हे. मौनातही निवाडा असतो. फक्त तो इतरांवर, बहुधा बाजारावर, सोपवलेला असतो.

या भेदाची किंमत काय असते, हे बडोद्याच्या त्याच विद्याशाखेत मे २००७ मध्ये दिसले. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामांवर बाहेरून आलेल्यांनी धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप घेतला आणि त्या विद्यार्थ्याला अटक झाली. परीक्षेची मांडणी ही मूल्यमापनासाठीच असते. तेथे काम नापसंत करण्याचा, त्याला कमी गुण देण्याचा अधिकार परीक्षकाला असतोच. नाकारली गेली ती त्या निर्णयापूर्वीची पाहण्याची प्रक्रिया. त्या वेळी विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून भारतीय कलापरंपरेतील शृंगारप्रतिमांचे प्रदर्शन विद्याशाखेतच मांडले. ते बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना विद्यापीठाने निलंबित केले.

आक्षिप्त कामे श्रेष्ठ होती की सामान्य, हा प्रश्न या घटनेने सुटत नाही आणि विद्यार्थ्यांनीही तो सुटल्याचा दावा करण्याची गरज नव्हती. त्यांनी अभ्यासासाठी जमवलेल्या प्रतिमा बाहेर काढल्या, भिंतीवर लावल्या आणि येणाऱ्याला त्यांच्यापुढे थांबण्याची संधी दिली. वर्गातील चर्चेची जबाबदारी याहून निराळी नाही. तेथे मत बोलून दाखवावे, पण ते ज्याच्याविषयी आहे ती कृती सर्वांच्या डोळ्यांसमोर राहील अशा बेताने, म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येईल आणि बोलणाऱ्यालाही ते बदलता येईल.