पथ्य आणि डहाणूचं ताट

डहाणू-तलासरी पट्ट्यात कुणाच्या कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात पांढरट खवल्यांचे चट्टे उठले की औषधाआधी पथ्य सुरू होतं. सुकट बंद, अंडं बंद, वांगं बंद, उडदाची आमटी बंद. भगत सांगतो, शेजारीण सांगते, आणि दवाखान्यातही कुणी ते खोडून काढत नाही. ताटात उरतो भात आणि त्यावर पाणीदार कालवण. या पथ्याबद्दल मला कळकळीने लिहायचं आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि ते अर्धं सत्य गरिबाच्या घरात फार महाग पडतं.

या चट्ट्यांच्या आजारात, म्हणजे सोरायसिसमध्ये, काय होतं ते आधी नीट पाहू. निरोगी कातडीची पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन झडेपर्यंत साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. पेशी पक्व व्हायच्या आतच वर ढकलल्या जातात आणि थरावर थर साचतो. चट्टा नखाने हलकेच खरवडला तर मेणाच्या भुग्यासारखी पांढरी पूड निघते, आणखी खरवडलं तर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. या पुडीत बहुतांशी प्रथिनंच असतात. ज्याचं निम्मंअधिक अंग चट्ट्यांनी भरलं आहे त्याच्या अंथरुणात सकाळी जे सांडलेलं असतं ते त्याच्या जेवणातूनच आलेलं असतं. अशा माणसाची सुकट आणि डाळ आपण काढून घेतो.

अन्नाचा आणि कातडीचा संबंध लावणं मात्र अडाणीपणाचं नाही. चरकाने कुष्ठाच्या, म्हणजे कातडीच्या रोगांच्या, कारणांत विरुद्ध आहाराला मोठी जागा दिली, त्यात दूध आणि मासे एकत्र खाणंही आलं. त्याने वर्णिलेल्या अठरा कुष्ठांपैकी एकाला माशाच्या खवल्याची उपमा आहे आणि आजचे अनेक वैद्य ते सोरायसिसशी जुळवतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोरायसिस आणि महारोग यांची गल्लत चालू होती. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली ती सोडवली. आपल्याकडे ती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

रक्तातल्या चरबीचा धागा पुढच्या शतकात हाती आला. १९३३ मध्ये ग्रुट्झ आणि ब्युर्गर या जर्मन डॉक्टरांनी मांडलं की सोरायसिस हा मुळात चरबीच्या पचनाचा बिघाड आहे, आणि रुग्णांना जवळजवळ चरबीविरहित आहारावर ठेवलं. कित्येकांच्या रक्तातली चरबी वाढलेली आढळेना, तेव्हा हा सिद्धांत मागे पडला. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीच्या छावण्यांत सोरायसिस क्वचितच दिसत असे, अशी नोंद सिमन्स या डच डॉक्टरने १९४९ साली केली. ग्रीनलंडच्या उपरनाविक भागात १९५० ते १९७४ या काळाचा हिशेब मांडला गेला. डेन्मार्कच्या प्रमाणाने तिथे सोरायसिसचे चाळीसेक रुग्ण असायला हवे होते, सापडले दोन. सील, देवमासा आणि मासे खाणारे ते लोक. त्यानंतर माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा जो गाजावाजा झाला तो मात्र पुढच्या चाचण्यांत फारसा टिकला नाही.

आज चित्र पुष्कळ स्पष्ट झालं आहे. सोरायसिस हा कातडीपुरता आजार नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःवरच उलटते आणि तिने सोडलेली दाहाची रसायनं रक्तातून यकृतापर्यंत, चरबीच्या पेशींपर्यंत, धमन्यांच्या आतल्या अस्तरापर्यंत जातात. रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते. धमनीतली चरबी उचलून नेणारं जे चांगलं कोलेस्टेरॉल, ते आकड्याने पुरेसं दिसलं तरी कामात ढिलं पडतं. २००६ साली ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून दिसलं की तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. उलट बाजूने, वाढलेलं वजन सोरायसिसला निमंत्रण देतं, हेही आनुवंशिकतेच्या अभ्यासांनी बऱ्यापैकी पक्कं केलं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनने २०१८ मध्ये आहाराबद्दल शिफारशी केल्या. त्यांतली ठाम शिफारस एकच होती, ती म्हणजे वजन जास्त असेल तर खाणं मोजकं करून ते उतरवावं. वांग्याचं त्यात नाव नाही.

आता ही शिफारस घेऊन डहाणूत या. तलासरीच्या पाड्यावरचा वारली मजूर, चिकूच्या वाडीत फवारणी करणारा गडी, वापीच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणारी बाई, यांतल्या कितीजणांना वजन उतरवा म्हणून सांगायचं? बहुतेकांची हाडं मोजता येतील. वजन उतरवून सोरायसिसवर काय परिणाम होतो याचं संशोधन स्थूल माणसांवर झालं आहे. ते जसंच्या तसं इथे लावणं मला अन्यायाचं वाटतं.

पण किडकिडा माणूस म्हणजे निर्धोक माणूस, असं समजून निश्चिंत होता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची मोजमापं घेऊन दाखवलं की आपलं बाळ इंग्लंडच्या बाळापेक्षा वजनाने बरंच कमी, पण चरबी मात्र राखून असतं. हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटाशी, हा आपला बांधा. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर आणि रक्ताचा अहवाल जास्त खरं बोलतात.

शिवाय रक्तातली चरबी काही तेलातूनच येते असं नाही. जादा स्टार्च, साखर आणि दारू यांचं ट्रायग्लिसराइड यकृत स्वतः बनवतं. पथ्य म्हणून सुकट, डाळ, अंडं काढून नुसत्या भातावर ठेवलेल्या माणसाचं ट्रायग्लिसराइड त्या पथ्यामुळेच चढू शकतं, याची जाणीव फार थोड्यांना आहे. त्यात संध्याकाळची मोहाची दारू कुणी पथ्यात धरत नाही. दारूने सोरायसिस चिघळतो, ट्रायग्लिसराइड वाढतं, आणि सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असेल तर यकृताला दुहेरी मार बसतो. बंद करायचीच तर पहिली ती बंद करावी. मग विडी आणि तंबाखू.

या भागाचं जुनं ताट मला फार समजूतदार वाटतं. नागलीची भाकर, वरईचा भात, उडीद-तूर, खुरासणीची चटणी, पावसाळ्यात शेवळी, कोळीभाजी, टाकळा, आणि किनाऱ्याकडून येणारी सुकट, बोंबील. बोंबलात चरबी कमीच. माशाचं गुणकारी तेल हवं तर तारली, बांगडा. हे ताट सगळं निर्दोष होतं असा माझा दावा नाही, त्यात भूकही होती. पण वीटभट्टीवर किंवा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून गेलेला माणूस महिनोन्‌महिने भात-बटाट्यावर, पाकिटातल्या फरसाणावर आणि पामतेलावर राहतो. पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. बदल इथे झाला आहे आणि त्याबद्दल पथ्य सांगणारे गप्प आहेत.

टाकळ्याचं नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जाई. ती मुळात ब्राझीलच्या एका झाडाच्या गाभ्यातली पूड. लंडनच्या बालमानो स्क्वायर यांनी १८७०च्या दशकात ती सोरायसिसवर वापरून पाहिली आणि तिच्यापासून पुढे १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे औषध झालं. टाकळ्याच्या बियांत याच कुळातलं द्रव्य असतं. बी वाटून चोळा असं मी सांगत नाही, कच्च्या द्रव्याने कातडी भाजते. भगताच्या झोळीतलं सगळं फेकण्याजोगं नसतं, एवढंच म्हणायचं आहे. फेकण्याजोग्या आहेत त्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबा. चार दिवस आराम देतात आणि सोडल्या की आजार दुप्पट उसळतो.

तेव्हा डहाणू, कासा, तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत चट्टे पाहणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. मलम लिहून देताना कमरेला टेप लावा, रक्तदाब बघा, साखरेबरोबर रक्तातली चरबीही तपासायला सांगा, आणि पुरुषांत नव्वद व बायकांत ऐंशी सेंटिमीटरच्या वर घेर असेल तरच खाणं कमी करण्याची भाषा करा. बाकीच्यांना सुकट, डाळ, अंडं पोटभर खायला सांगा आणि दारू सोडायला सांगा. घरच्यांनाही एवढं बजावा की हा आजार स्पर्शाने पसरत नाही, त्या माणसाचं ताट वेगळं मांडायचं काही कारण नाही.