दुखणे खरे, वैरी खोटा

सोयाबीन घेऊन शेतकरी हिंगोलीच्या मोंढ्यात येतो. व्यापारी मूठभर दाणे यंत्रात टाकतो, मॉइश्चरचा आकडा बघतो आणि भाव पाडून सांगतो. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, तरी कितीतरी जणांना त्याहून कमी भावात माल घालावा लागला. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती. ती 15 टक्क्यांवर नेली नोव्हेंबरच्या मध्याला, अनेकांनी माल विकून टाकल्यावर. असा पोळलेला माणूस घरी निघतो, तेव्हा हातातल्या मोबाइलवर कुणीतरी त्याला सांगत असते की तुझ्या दैन्याला ‘ते’ जबाबदार आहेत. ‘ते’ म्हणजे कधी दुसऱ्या धर्माचे, कधी शेजारच्या जातीचे, कधी परप्रांतातून आलेले.

लोकानुनयी उजव्या राजकारणाचे सगळे बळ या सांध्यात आहे. दुखणे खरे असते आणि वैरी खोटा दाखवलेला असतो. त्याला विरोध करणारे आपण मात्र दुखण्याची विचारपूसच करत नाही. नेत्याची टिंगल करतो, मतदाराला अडाणी आणि अंधभक्त ठरवतो. ज्याला चारचौघांत हिणवले, तो आपले ऐकून का घेईल? वाद नेत्याशी असतो, पण बोलायचे असते मतदाराशी, हे आधी मनाशी पक्के करायला हवे.

म्हणून सुरुवात भावापासून करावी. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आपण आयात करतो. आयातशुल्क कधी चढते, कधी उतरते. पेंडीला मागणी नसली की दर कोसळतो. खरेदी केंद्रे वेळेवर उघडत नाहीत. हे सगळे शांतपणे मांडून एकच विचारावे : दादा, यातले कोणते कारण शेजारच्या गल्लीतल्या माणसाने घडवले?

मराठवाड्याने खोट्या वैऱ्याची किंमत मोजलेली आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळेंचा बळी घेतला गेला. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. मराठवाडा मागे पडला होता, यात शंका नाही. दांडेकर समितीच्या 1984 च्या अहवालाने राज्यातला अनुशेष आकड्यांत मांडला. पण त्या अनुशेषातला एक रुपया तरी दलित वस्तीत दडवलेला होता का? उलट मराठवाड्यात विद्यापीठ येण्याच्या आठ वर्षे आधी, 1950 साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले होते. ज्याने शिक्षणाचे दार उघडले, त्याच्याच नावावर राग काढला गेला. हा इतिहास नव्या पिढीला कुणी सांगतच नाही.

‘आम्हीच खरी जनता’ या लोकानुनयी नेत्यांच्या दाव्यालाही उत्तर इथेच आहे. 2014 च्या लोकसभा निवडणुकीत हिंगोलीचा निकाल 1632 मतांनी लागला. जिंकणाऱ्याला आणि हरणाऱ्याला प्रत्येकी साडेचार लाखांहून अधिक मते होती. मग हरलेल्या बाजूला मत देणारे लाखो लोक जनता नव्हते? निवडणूक सरकार ठरवते. देश कुणाचा, हे ती ठरवत नाही. आणि हाच नियम आपल्यालाही लागू आहे. त्यांचा मतदारही तितकाच जनता आहे.

दुसरी गोष्ट, आधी आपल्या घरात बोलावे. हैदराबाद संस्थानात कासिम रझवीच्या रझाकारांनी मुसलमानांच्या भीतीवर असेच राजकारण पोसले. त्यांना निर्भयपणे जाब विचारणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. ऑगस्ट 1948 मध्ये त्याचा खून झाला. परक्याच्या द्वेषावर टीका करणे सोपे असते. आपल्या भावकीत, आपल्या पारावर, आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘हे खोटे आहे’ म्हणायला छाती लागते, आणि तिथला शब्दच लोकांना खरा वाटतो.

तिसरी गोष्ट, धर्म द्वेषाचे राजकारण करणाऱ्यांच्या हवाली करून मोकळे होऊ नये. नामदेव महाराज हिंगोली जिल्ह्यातल्याच नर्सीचे. गावकूस कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी पंढरीला नेऊन महाद्वारापाशी समाधी नामदेवांनी बांधली, असे परंपरा सांगते. तेच नामदेव पंजाबात पूज्य झाले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ज्या मातीने असा माणूस दिला, तिथे शेजाऱ्याचा द्वेष हाच धर्म असे कुणी सांगत असेल, तर कीर्तनाच्या मांडवातच त्याला विचारायला हवे की हे तू कोणत्या संताकडून शिकलास?

अफवेला अफवेने आणि शिवीला शिवीने उत्तर दिले, तर जिंकूनही आपण त्यांचेच राजकारण वाढवू. बंदी घालूनही मनातला राग जात नाही. राग जातो तो त्याचे कारण सापडल्यावर, आणि कारण दूर करायला कुणी बरोबर उभे राहिल्यावर. पीकविम्याच्या अर्जासाठी, खरेदी केंद्रावरच्या रांगेसाठी, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीसाठी जो वर्षभर सोबत येतो, त्याचे म्हणणे लोक निवडणुकीतही ऐकतात. तेव्हा प्रचाराचा नारळ फुटण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात, तुमच्याशी मत न जुळणाऱ्या एका शेजाऱ्याकडे जा. आधी त्याचे ऐका, मग बोला.