कुंभाराचा दृष्टांत आणि करतलावरील लिंग



घडा दिसला की कुंभार मानावा लागतो. तसेच जग दिसते, म्हणून जगाचा कर्ता मानलाच पाहिजे. देव आहे कशावरून, असे कोणी विचारले की आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडी हाच दृष्टांत येतो. पण घरातील कॉलेजात जाणारा मुलगा लगेच विचारतो, ‘प्रत्येक वस्तूला कर्ता लागतो, तर मग देवाला कोणी केले?’ वडील रागावतात, ‘देवाविषयी असे बोलू नये’ म्हणतात. मूल गप्प बसते. त्याची शंका मात्र गप्प बसत नाही. लिंगपूजेला बसतानाही ती त्याच्या सोबत बसते. म्हणून तिला दटावू नये, तिचा विचार करावा.

हा दृष्टांत केवळ लोकांच्या बोलण्यातला नव्हे. नैयायिकांनी त्याचे रीतसर अनुमान केले आहे. जे जे कार्य आहे, त्याला कर्ता असतो, जसा घट. जगत् हे कार्य आहे. म्हणून जगताला कर्ता आहे. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी ज्या युक्ती दिल्या, त्यांत कार्यत्वाची युक्ती पहिली. पश्चिमेकडे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही कारणांची साखळी अनंत मानता येत नाही, म्हणून एक आदिकारण मानावे, असे म्हटले.

मुलाच्या प्रश्नाला नैयायिकांचे उत्तर आहे. कर्ता लागतो तो कार्याला, म्हणजे ज्याला आरंभ आहे त्याला. ईश्वर नित्य आहे, म्हणून त्याला कर्ता नको. उत्तर योग्य आहे. पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. सगळ्या जगालाच आरंभ होता, हे कशावरून?

हाच प्रश्न सातव्या शतकात कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त विचारला. ते वेद मानणारे मीमांसक. तरीही म्हणाले की जग उत्पन्न होताना कोणी पाहिले? कुंभाराला देह असतो, हात असतात. ज्याला देह नाही तो घडवणार कसा? करुणेने सृष्टी केली म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करायची कोणावर? बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी वारुळाकडे बोट दाखवले. घडा मातीचा आणि वारूळही मातीचेच. म्हणून वारूळ कुंभाराने केले असे म्हणाल काय? आणि रामानुजाचार्य तर परम ईश्वरभक्त. त्यांनीही ‘श्रीभाष्या’त हे अनुमान नाकारले. सारे जग एकाच वेळी, एकाच कर्त्याने केले, हे तर्काने ठरत नाही; मोठा वाडा अनेक कारागीर मिळूनही बांधतात. अनुमान म्हणजे भक्ती नव्हे, हे त्या भक्ताने जाणले होते.

पश्चिमेतही तेच झाले. डेव्हिड ह्यूम यांच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात विचारले आहे की साखळीतील प्रत्येक कडीचे कारण सांगितले, तर सबंध साखळीला वेगळे कारण कशाला? १७८१ साली इमॅन्युएल कांट यांनी दाखवले की कार्यकारणाचा नियम आपल्या अनुभवाच्या क्षेत्रातला. त्या शिडीने अनुभवापलीकडे चढता येत नाही.

आता भक्ताने घाबरावे काय? मुळीच नाही. नीट पाहा, या आक्षेपांनी कोण हरला? जगाबाहेर बसून, परकी माती घेऊन जग घडवणारा कुंभार हरला. आपल्या वीरशैव सिद्धान्तात असा शिव नाहीच. शक्तिविशिष्टाद्वैतात शिव निमित्तही आहे आणि उपादानही. शक्ती त्याच्याहून वेगळी नाही. घडा तयार झाला की कुंभार उठून जातो, घडा त्याच्यावाचून राहतो. जग मात्र क्षणभरही शिवावाचून नाही. हे मी तर्काने सिद्ध झालेले म्हणून सांगत नाही. हा आपला सिद्धान्त आहे, आणि त्याची खूण अनुभवात शोधायची आहे.

बाराव्या शतकात कल्याणात शरण जेथे जमत, त्या स्थानाचे नाव परंपरेत अनुभव मंटप आहे, अनुमान मंटप नव्हे. तेथे प्रश्नांना बंदी नव्हती. प्रश्न विचारले जात, उलट विचारले जात. वचनांची रचनाही पाहा. अनुमान संपते ‘म्हणून कर्ता आहे’ या वाक्यावर. तेथे देव तृतीय पुरुषी असतो, दूर कोठेतरी. वचन बहुधा नाव घेऊन थांबते: बसवण्णांचे कूडलसंगमदेव, अल्लमप्रभूंचे गुहेश्वर, अक्कमहादेवींचे चेन्नमल्लिकार्जुन. तेथे देव समोर असतो. समोर असलेल्याला हाक मारतात, त्याला सिद्ध करीत नाहीत.

म्हणून आपले मूल विचारील तेव्हा सांगा, ‘बाळा, तुझी शंका जुनी आहे, मोठमोठ्या आचार्यांनी ती घेतली आहे. कुंभाराच्या दृष्टांताने देव सिद्ध होत नाही.’ असे सांगण्यात देवाचा अपमान नाही. दृष्टांतावर टेकलेली श्रद्धा दृष्टांत मोडताच पडते. मग त्याला जवळ बसवा. इष्टलिंग कारणांच्या साखळीच्या दूरच्या टोकाला नाही, ते डाव्या करतलावर आहे. दृष्टी स्थिर करून ते रोज पाहावे, कायक प्रामाणिकपणे करावे, दासोहात हात राखून ठेवू नये, आणि अंतःकरणात काय पालटते ते स्वतः तपासावे. ही परीक्षा कोणी दुसऱ्यासाठी देऊ शकत नाही. तर्काने अंगण झाडून स्वच्छ होते. आत मात्र ज्याचे त्यानेच जायचे असते.