आरोग्यमंडळाचा अधिकार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘काउंटी’ या नांवाचा जो राज्यकारभाराचा लहान घटक आहे, तो साधारणपणें आमच्याकडील जिल्ह्याच्या अगर मोठ्या तालुक्याच्या जोडीला बसवितां येईल. अशा काउंट्या त्या देशांत तीन हजारांहून अधिक आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळींत लोकांच्या आरोग्याची चिंता वाहणारें एक मंडळ असतें. या मंडळाचें काम बाहेरून पाहणाऱ्यास अगदीं नीरस वाटेल. विहिरींचें पाणी तपासणें, शौचकूपांच्या जागा ठरविणें, खाणावळींच्या स्वयंपाकघरांत डोकावणें, मुलांना लस टोचणें, क्षयरोग्याच्या घरीं जाऊन त्याच्या सोबत राहणाऱ्यांची चौकशी करणें, अशी ही यादी आहे. हिच्यांत तत्त्वज्ञाला हाताशीं धरण्यासारखें कांहीं आहे असें प्रथमदर्शनीं दिसत नाहीं. तथापि नीतिशास्त्रांतला एक फार अवघड प्रश्न या यादीखालीं दडून बसलेला आहे, आणि त्याचाच येथें थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्याचा कायदा पाहिला तर काउंटीच्या आरोग्यमंडळावर अकरा सभासद नेमावयाचे असतात. आणि त्यांत डॉक्टर, दंतवैद्य, नेत्रपरीक्षक, परिचारिका व औषधविक्रेता यांच्याबरोबर एक पशुवैद्य आणि एक इंजिनीयर यांनाहि जागा आहे. उरलेल्यांत काउंटीच्या कारभाऱ्यांपैकीं एक व सामान्य नागरिक तीन. गुरांच्या वैद्याला माणसांच्या वैद्यांच्या पंक्तीस बसविलेलें पाहून कोणास हसूं येईल. पण ज्यांनीं हा कायदा केला त्यांना रोगाचें मर्म कळलें होतें असेंच आम्ही म्हणूं. रोग माणसाच्या शरीरांत प्रकट होतो, परंतु त्याचा उगम पुष्कळदां गोठ्यांत, गटारांत किंवा विहिरींत असतो. वॉशिंग्टन राज्यांतील याकिमा काउंटींत १९११ सालीं पूर्ण वेळ काम करणारें आरोग्यखातें निघालें तें विषमज्वराच्या उपद्रवामुळें. त्या देशांतील अशा प्रकारच्या अगदीं पहिल्या खात्यांत त्याची गणना होते. तेथें उपाय करावयाचा होता तो रोग्याच्या बिछान्यापाशीं नव्हे, तर संडासांत आणि पाण्याच्या वाटांवर.

अशा कामाचें एक चमत्कारिक लक्षण आहे. ज्याला विषमज्वर झाला नाहीं त्याला तो आपल्याला व्हावयाचा होता याची खबरहि नसते. वैद्यानें बरा केलेला रोगी वैद्याचे उपकार जन्मभर आठवतो. मंडळानें वांचविलेला मनुष्य मंडळाच्या खर्चासाठीं भराव्या लागणाऱ्या कराबद्दल कुरकुर करतो, आणि त्यांत त्याचा दोष तरी काय? उलटपक्षीं ज्याच्या विहिरीला कुलूप लागलें किंवा ज्याची खाणावळ चार दिवस बंद पडली, तो आपलें नुकसान पैपर्यंत सांगूं शकतो. उपकार मुका आणि जाच तेवढा बोलका, अशी येथें स्थिति असल्यामुळें लोकांच्या कृतज्ञतेवरून मंडळाची योग्यता ठरत नाहीं, आणि त्यांच्या तक्रारींच्या संख्येवरूनहि ती ठरवितां येत नाहीं. मग ती ठरवावी तरी कशावरून? एखाद्या निरपराध, कदाचित् निरोगीहि, माणसाला वाटेंत अडविण्याचा अधिकार या अकरा जणांना कोठून येतो?

मिल्लचा ‘स्वातंत्र्या’वरील ग्रंथ १८५९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि आमच्याकडील इंग्रजी शिकलेल्या कित्येक पिढ्यांची विचारसरणी त्यावर पोसलेली आहे. त्याचा मुख्य सिद्धांत असा कीं, व्यक्तीच्या वर्तनानें दुसऱ्यास अपाय होत असेल तेवढ्यापुरतेंच समाजानें तिच्या आड यावें. तिच्या स्वतःच्या हिताच्या सबबीवर येऊं नये. सिद्धांत मोठा नामी आहे. पण सांथीचा रोग या सिद्धांताच्या कुंपणाला मानीत नाहीं. चोराला आपण चोर आहों हें ठाऊक असतें. रोगाचें बीज वाहणाऱ्याला तें ठाऊक नसतें. त्याच्या मनांत अपायाचा हेतु नसतो, तो स्वस्थपणें बाजाराला निघालेला असतो, आणि तरी त्याच्या श्वासांत शेजाऱ्याचा मृत्यु असूं शकतो. तेव्हां ‘स्वतःपुरतें’ आणि ‘दुसऱ्याच्या अपायाचें’ ही सीमारेषा कोणीं तरी ज्ञात्यानें आंखून द्यावी लागते. येथून पुढें असें म्हणण्याचा मोह होतो कीं, ज्याला खरें काय तें कळतें त्याला अडविण्याचाहि अधिकार असलाच पाहिजे. मंडळाचें म्हणणें खरें असलें म्हणजे झालें. हा मोह किती फसवा आहे तें पाहण्यास सॅन फ्रॅन्सिस्को येथील १९०० सालची हकीकत फार उपयोगी आहे.

सॅन फ्रॅन्सिस्को हें १८५६ पासून शहरहि आहे आणि काउंटीहि आहे. दोहोंचा कारभार एकच. १९०० च्या मार्च महिन्यांत तेथील चिनी वस्तींत एका हॉटेलाच्या तळघरांत एका चिनी मनुष्याचें शव सांपडलें, आणि त्यावरील गांठी पाहून आरोग्यमंडळाला प्लेगाचा संशय आला. मंडळानें ताबडतोब त्या वस्तीभोवतीं दोरखंड बांधून पोलिसांचा पहारा बसविला. संघसरकारच्या क्वारंटीन ठाण्यावरील किन्यून या बॅक्टीरियाशास्त्रज्ञानें त्या शवांतील द्रव प्राण्यांना टोचून पाहिला. ते प्राणी मेले, आणि रोग प्लेगच हें सिद्ध झालें. पुढें मे महिन्यांत हुकूम निघाला कीं, प्लेगाची लस टोचून घेतल्याचा दाखला असल्याखेरीज चिनी किंवा जपानी माणसानें शहर सोडूं नये. ही लस म्हणजे हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत मुंबईस स्वतःला टोचून पाहिलेली लस होय. गोऱ्या नागरिकांस असा दाखला मागितला जात नव्हता. वोंग वाय नांवाच्या चिनी रहिवाशानें या हुकुमाविरुद्ध संघसरकारच्या न्यायालयांत दाद मागितली, आणि २८ मे रोजीं न्यायमूर्ति मॉरो यांनीं तो हुकूम रद्द केला. लगोलग मंडळानें सबंध चिनी वस्तीला पुन्हां वेढा घातला. या वेढ्याची रेषा मोठी शहाणी होती! चिनी माणसाचें दुकान आलें कीं ती त्याला आंत घेई, आणि त्याच्या लगतची गोऱ्याची जागा आली कीं तेवढी वगळून पुढें जाई. जू हो नांवाच्या वाण्यानें पुन्हां न्यायालय गांठलें, आणि १५ जून रोजीं हा वेढाहि उठला.

या निकालाचा एक भाग वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावा. शहरांत प्लेग नाहींच असें मानण्याकडे न्यायमूर्तींचा स्वतःचा कल होता. मात्र तो प्रश्न मंडळाच्या अखत्यारीचा म्हणून त्यांनीं तो बाजूस ठेवला. त्यांनीं पाहिलें तें एवढेंच कीं, हा नियम रोगाविरुद्ध आहे का एका जातीच्या माणसांविरुद्ध आहे. शिवाय, दूषित घर तेवढें वेगळें न काढतां दहापंधरा हजार निरोगी माणसें दोन-चार रोग्यांच्या सोबतीला कोंडल्यानें धोका वाढतोच, हेंहि त्यांनीं दाखविलें. परिणामतः प्रकार असा झाला कीं, रोगाविषयीं मंडळ बरोबर होतें आणि न्यायमूर्ति चुकले होते. परंतु करावयाचें काय याविषयीं न्यायमूर्ति बरोबर होते आणि मंडळ चुकलें होतें. सत्य एका पारड्यांत आणि न्याय दुसऱ्या, असा हा योग इतिहासांत इतका स्वच्छ क्वचितच दिसून येतो. (राज्याचे गव्हर्नर गेज यांची गोष्ट निराळी, व्यापार बुडेल या भीतीनें ते प्लेगाचें अस्तित्वच नाकारीत राहिले, आणि १९०१ सालीं संघसरकारनें धाडलेल्या तज्ज्ञांनीं प्लेगाची खात्री करून दिल्यावरहि त्यांचें तोंड उघडेना. त्यांच्या पदरांत सत्यहि नव्हतें आणि न्यायहि नव्हता.)

येथें कोणी म्हणेल, मंडळाची रीत आडदांड असेल, पण तें ज्ञानाच्या बाजूचें होतें. थोडा अन्याय सोसून जीव वांचत असतील तर सोसावा. या म्हणण्याला आमचें उत्तर असें आहे कीं, येथें अन्यायानें जीवहि वांचले नाहींत, आणि त्याचें कारण आगंतुक नव्हे. रोग कोठें आहे हें मंडळाला कसें कळतें? कोणी तरी येऊन सांगतो म्हणून. आई मुलाच्या तापाची वर्दी देते, शेजारी मयताची वर्दी देतो. मंडळाजवळ स्वतःचे असे डोळे नसतात. जे असतात ते लोकांनीं उसने दिलेले असतात, आणि अन्याय होतांच लोक ते परत घेतात. चिनी वस्तींत तेंच झालें. रोगी लपविले जाऊं लागले, मयतें गुपचूप हलविलीं जाऊं लागलीं, आणि सांथ १९०४ सालापर्यंत रेंगाळली. सुमारें सव्वाशें रोगी नोंदले गेले व त्यांतील बहुतेक सर्व दगावले.

दुसरेंहि एक आहे, आणि तें अधिक खोल आहे असें आम्हांस वाटतें. पक्षपातानें मंडळाच्या स्वतःच्या बुद्धीवरहि सांवट आलें. प्लेग उंदरांच्या पिसवांवाटे पसरतो हें मत सिमोंद यांनीं १८९८ सालीं मांडलें होतें. तें अद्याप सर्वमान्य झालें नव्हतें हें खरें, परंतु उंदरांकडे पाहण्याची सूचना त्यांत होतीच. मंडळाची नजर मात्र उंदरावर न जातां चिनी माणसाच्या चेहऱ्यावर खिळली होती. पुढें मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत १९०५ पासून झालेल्या प्रयोगांनीं पिसवांचा प्रश्न निकालांत निघाला. १९०६ च्या भूकंपानें सॅन फ्रॅन्सिस्को उद्ध्वस्त झालें व १९०७ सालीं प्लेग परत आला. या वेळीं रोगी बव्हंशीं गोरे होते. तेव्हां कोणत्याहि वस्तीला दोर बांधला गेला नाहीं. रूपर्ट ब्लू या अधिकाऱ्यानें उंदीर मारविले, तळघरांत काँक्रीट घालविलें, केरकचऱ्याला झांकणें बसविलीं, आणि सांथ वर्षसव्वावर्षांत आटोपली. गोऱ्यांना वेढा घालणें मनांत येण्यासारखें नव्हतें म्हणून तरी खरा उपाय सुचला, असें म्हटल्यास तें अगदींच वावगें होणार नाहीं.

पुण्याच्या वाचकांस हें सर्व ओळखीचें वाटत असेल. १८९७ सालीं रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीनेंहि रोगाविषयीं खोटें सांगितलें नव्हतें. प्लेग पुण्यांत खरोखरच होता. पण सोजिरांच्या हातून झालेल्या घरझडत्यांनीं लोकांना रोगापेक्षां इलाजाचें भय अधिक वाटूं लागलें, आणि रोगी माळ्यावर व कोठीघरांत दडविले गेले. २२ जून रोजीं गणेशखिंडींत जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. समुद्राच्या दोन टोकांना, दोन निरनिराळ्या राज्यपद्धतींखालीं, तीन वर्षांच्या अंतरानें एकच फळ यावें यावरून तें बीज कोणतें याची कल्पना येईल.

यावरून मंडळाला हातच बांधून बसवावें असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील केंब्रिज शहराच्या आरोग्यमंडळानें १९०२ सालीं देवीच्या सांथींत सर्व प्रौढ रहिवाशांस देवी काढून घेण्याचा हुकूम केला. जेकबसन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें तो मोडला व त्याला पांच डॉलर दंड झाला. १९०५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मंडळाची बाजू उचलून धरली. येथें नियम सर्वांस सारखा होता, शिक्षा बेताची होती, आणि शिपायांनीं कोणाचा दंड धरून सुई टोंचली नव्हती. स्वातंत्र्य म्हणजे शेजाऱ्याच्या जिवावर आपली मर्जी चालविण्याची सनद नव्हे, हें त्या न्यायालयाचें मत आम्हांस मान्य आहे.

पण ‘सर्वांस सारखा’ या शब्दांशीं येऊन विचार संपतो असें समजणाऱ्यांनीं अलीकडचें एक उदाहरण पहावें. १६ मार्च २०२० रोजीं त्याच सॅन फ्रॅन्सिस्कोनें आणि लगतच्या पांच काउंट्यांनीं कोविडच्या सांथींत लोकांनीं घराबाहेर पडूं नये असा हुकूम काढला. त्या देशांतला अशा तऱ्हेचा हा पहिला हुकूम. त्यांत कोणत्याहि वस्तीचें नांव नव्हतें. मॉरो यांच्या कसोटीला तो उतरला असता. परंतु ज्याचें काम लिहिण्यावाचण्याचें त्याला तो हुकूम म्हणजे घरबसल्या पगार, आणि ज्याचें काम फळें तोडण्याचें, माल उचलण्याचें किंवा आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचें त्याला तो हुकूम म्हणजे एक तर उपास, नाहीं तर रोजचा धोका. ओहायो, माँटाना आदि कित्येक राज्यांनीं २०२१ सालीं कायदे करून आरोग्यमंडळांचे अधिकार छाटले. छाटणारांची तक्रार मंडळांनीं स्वातंत्र्यावर घाला घातला अशी होती. ओझें कोणाच्या पाठीवर किती पडलें हा मुद्दा त्या वादांत फारसा पुढें आलाच नाहीं.

आमच्याकडे त्याच मार्च महिन्यांत राज्यांनीं साथींसाठीं आधार घेतला तो १८९७ च्या कायद्याचा, म्हणजे रँडसाहेबांच्या काळांतल्याच कायद्याचा, आणि सबंध देशांत घराबाहेर पडण्याची बंदी झाली. तिच्यांतहि जात, धर्म, वस्ती यांचा उल्लेख नव्हता. ज्यांना घर होतें ते घरांत राहिले. आणि ज्यांचें घर हजार मैलांवर होतें ते मुंबईपुण्याहून मुलें कडेवर घेऊन हमरस्त्यानें चालूं लागले.